स्वयंपाकघरातून येणारा आकडा

अंबू, त्या सोमवारी तू आकडा दिला नाहीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सकाळचे साडेआठ. मी आपल्या ओट्यावर, शिवण्णा मास्तर त्यांच्या ओट्यावर, मध्ये ती गुडघ्याएवढी भिंत आणि भिंतीवर कॉफीचे दोन लोटे. मास्तरांना शाळेतून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, पण समोरच्याला प्रश्न विचारल्याशिवाय अजून त्यांच्या गळ्याखाली कॉफी उतरत नाही. म्हैसूरच्या या सगळ्या सरस्वतीपुरममध्ये माझ्या त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा ऐकून घेणारा हा एकच सज्जन माणूस उरलाय. त्यांनी विचारलं, "रावरे, दसऱ्याच्या हत्तींच्या झुली तुम्ही शिवल्या होत्या म्हणता, त्या किती हत्तींच्या?"

"सतरा," मी म्हणालो. आणि थांबलो.

अशा जागी मी चाळीस वर्षं थांबत आलोय. आतून तुझा आवाज यायचा. भांड्यांच्या आवाजाच्या वर थोडासाच. चढा नाही, रागाचा नाही, नुसता आकडा. "एक." मग फोडणी देऊन झाल्यावर, "आणि झूल नव्हे, झुलीची किनार." मास्तर हसायचे, मी कपाळाला हात लावायचो, आणि मग कुठे गोष्ट खरी सुरू व्हायची.

त्या दिवशी आतून काही आलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल. मी जरा मोठ्यानं म्हणालो, "सतरा मोठे, आणि एक पिल्लू." काही नाही. "पिल्लाच्या पोटाला टेप पुरेना, म्हणून मी नेसतं धोतर सोडून टेपेला जोडलं." हे मी आयुष्यात पहिल्यांदाच बोलत होतो, अंबू. मलाही ते नवीन होतं. एवढ्यावर तू पळी हातात घेऊन बाहेरच आली असतीस. मास्तरांनी लोटा भिंतीवर ठेवला. त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, खिडकीकडे होतं. म्हणाले, "अम्मा घरात नाहीत काय?"

मी आत आलो. तू मागच्या दाराजवळ तुझ्या ठरलेल्या पाटावर, भिंतीला पाठ टेकून बसली होतीस. डोळ्यांवर चष्मा, बोटात अंगुस्तान, मांडीवर पांढरा शर्ट, आणि सुई अर्ध्या काजात. फिल्टरमधून कॉफी अजून ठिबकत होती. मी उंबऱ्यात उभा राहून तुला म्हणालो, "किती ते तरी सांग." दोनदा म्हणालो.

डॉक्टर आले. मनगट धरलं, पापणी वर करून पाहिली, आणि नळीची घडी घालत म्हणाले, "झटक्यात गेल्या." बस. एवढी लहान गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. दोन शब्दांची. तिच्यात शिरायला मला कुठे जागाच नव्हती.

तेव्हापासून माझं काय झालंय सांगतो. दाराशी हजार माणसं आली. बरं, साठ. बरं, पंचवीस, आणि त्यातला एक गॅसचा सिलिंडर घेऊन आला होता, त्याला काही माहीतच नव्हतं. प्रत्येकानं विचारलं, कसं झालं? मी प्रत्येकाला सांगायला तोंड उघडलं. मी, ज्यानं एका साध्या पडशातून न्यूमोनिया, वैद्य, रेल्वे आणि एक अस्वल काढून दाखवलेलं आहे. आणि तोंडातून निघालं एवढंच, "ती काही बोलली नाही." त्याच्या पुढे गोष्ट जाईना. मी रेटून पाहिली. ती जागची हलेना. लोक माझ्या पाठीवर हात ठेवून जायचे आणि मी पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायचो, ती काही बोलली नाही.

त्या दिवशी आणखी एक माणूस आला होता. रस्त्यापलीकडे होंगेच्या झाडाखाली, दुमडलेली छत्री काखेत धरून उभा. पांडू. माझा धाकटा भाऊ, जो इथून बसनं तासाभरावर बन्नूरला राहतो आणि ज्याच्याशी मी सव्वीस वर्षं बोललेलो नाही. हा आकडा खरा आहे, यात तुला काही कमी करायला नाही. मी त्याला पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. तेवढं करण्याइतका मी शुद्धीवर होतो. त्याला कळवलं कुणी, हे विचारायचं मात्र सुचलं नाही.

अंबू, तुला आठवतं का, तू नंजनगूडहून लग्न होऊन आलीस त्याच महिन्यात बाहेरच्या खोलीत माझे चार मित्र बसले होते, आणि बन्नूरच्या रस्त्यावर उसाच्या फडातून निघून वाघानं माझ्या सायकलचा तीन मैल पाठलाग कसा केला, हे मी सांगत होतो. मी वाघाच्या श्वासापर्यंत आलो होतो. श्वास मानेवर लागत होता. तेवढ्यात आतून, ज्या नवरीचा आवाज अजून शेजाऱ्यांनीही ऐकला नव्हता, ती म्हणाली, "कुत्रं."

मित्र तिथेच आडवे झाले. मी महिनाभर तुझ्याशी बोललो नाही. बरं, दोन दिवस. बरं, जेवणाच्या वेळा सोडून दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "माझी गोष्ट मोडून तुला काय मिळालं?" तू शर्टाला बटण लावत होतीस. दोरा दातानं तोडलास आणि म्हणालीस, "मोडली कुठे? मापात बसवली. तुम्ही शिंपी ना?"

त्यानंतर आपलं असं ठरूनच गेलं. मी सैल सोडायचं, तू टीप घालायची. गिऱ्हाईकं म्हणायची, राव आणि अम्मा भांडतात. भांडण कसलं की. ज्या दिवशी तू माहेरी जायचीस, त्या दिवशी माझ्या गोष्टी कुणी ऐकायचं नाही. सोसलेच्या मठाजवळ एका माकडानं माझी टेप पळवली आणि दुसऱ्या दिवशी बायकोचं माप घेऊन परत आणून दिली, ही गोष्ट मी तुझ्यामागे एकदा मास्तरांना सांगितली. ते मध्येच उठून झाडांना पाणी घालायला गेले. तू आल्यावर तीच सांगितली. आतून तू म्हणालीस, "टेप पळवली. परत नाही दिली." मास्तर डोळ्यांत पाणी येईतो हसले. तेव्हा मला वाटलं, मी काय छान सांगतो. आज वाटतं, माणसं तुझ्या आकड्यासाठी बसायची. मी नुसता ढोल होतो.

आणि एकदा तू आकडा सोडून वेगळंच बोललीस. आपली सरू तेव्हा कॉलेजात होती, तिचं आणि माझं काहीतरी वाजलं होतं आणि मी रागानं सगळी हकिगत तुला सांगत होतो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तुमच्या गोष्टीत दुसरं माणूस बोलतच नाही. त्याला एक वाक्य द्या की." मी म्हणालो, "देतो की, वाघाला डरकाळी दिलेली आहे." तू म्हणालीस, "साकु." आपल्या घरात तुझं हे 'पुरे' नेहमी कन्नडात यायचं. ते आलं की विषय संपायचा. त्या दिवशीही संपला. त्याच्यावर मी पुढे विचार करायला हवा होता, तो केला नाही. सरूशी मग तूच माझ्या वतीनं बोललीस.

आता टोपलीचं सांगतो. हे मी तुला सांगतोय, तुला सगळं ठाऊक असून, हे मला कळतं. पण मला सांगायला दुसरं कोण आहे?

पाचव्या दिवशी मी तुझ्या पाटापाशी गेलो. वेताची ती टोपली तिथेच होती. सरूनं तिला हात लावला नव्हता, मीही नाही. मी दुकान बंद करून सहा वर्षं झाली. त्याच्याही आधीपासून बाजारात काजाचं मशीन आलं होतं, आणि मी माझ्या दुकानाचे शर्ट तिकडेच टाकायचो. तरी तू रोज हातानं काजं करत बसलेली असायचीस. मी धरून चाललो होतो की मार्केटातल्या कुठल्यातरी दुकानाचं काम तू घेतेस, कुणी जुनं गिऱ्हाईक हातकाजाचा हट्ट धरत असेल. धरून चाललो होतो, म्हणजे विचारलं कधी नाही. चाळीस वर्षं मी त्या टोपलीच्या वरून बोलत होतो. आत डोकावलो नव्हतो.

सहा शर्ट होते. सगळे पांढरे, पुरुषी, चांगल्या हाताचे. मी पहिला शर्ट उचलून उजेडात धरला, आणि सवयीनं आधी खिसा पाहिला. शर्टाच्या खिशाच्या तोंडाशी दोन्ही कोपऱ्यांत शिंपी छोटा त्रिकोण शिवतो, खिसा फाटू नये म्हणून. जगातले सगळे शिंपी तो डावीकडून सुरू करतात. बरं, मी पाहिलेले सगळे. फक्त एक डावखुरा माणूस तो उजवीकडून सुरू करायचा. त्यासाठी आमच्या वडिलांनी त्याच्या बोटांवर गज मारला होता, आणि तरी तो उजवीकडूनच सुरू करायचा. त्याच टेबलावर शेजारी उभा राहून मी शिकलो. त्रिकोण उजवीकडून सुरू झालेला होता. सहाच्या सहा शर्टांवर.

मी खालीच बसलो. तुझ्या पाटावर नाही, जमिनीवर.

"सरू," मी हाक मारली, "हे कुणाचे शर्ट?"

सरू बेंगळूरूहून आलेली, डोळे सुजलेले, हातात धुतलेली भांडी. तिनं शर्टाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "काकांचे की, अप्पा."

"इथे कसे?"

"दर गुरुवारी येतात की. बन्नूरच्या बसमधून. अम्मा देवळाला जाताना गाठोडं घेऊन यायची, मागच्या आठवड्याचं देऊन यायची. कंडक्टर तिकडे उतरवतो."

"कधीपासून?"

"मी शाळेत होते तेव्हापासून."

"त्या दिवशी त्याला तूच कळवलंस?"

"मग कोण कळवणार?"

"आणि इतकी वर्षं मला कुणी सांगितलं नाही?"

सरूनं भांडी खाली ठेवली. तिच्या आवाजात चेष्टा नव्हती, म्हणून जास्त लागलं. "तुम्ही बोलत होता की, अप्पा."

नंतर कळलं, मास्तरांना ठाऊक होतं. देवळातल्या पुजाऱ्याला ठाऊक होतं. दोन कंडक्टर रिटायर झाले, त्यांनी तिसऱ्याला सांगून ठेवलं होतं. सगळ्या म्हैसूरला ठाऊक होतं. बरं, सात जणांना. पण त्या सात जणांत मी नव्हतो. मला तर तू दर गुरुवारी सांगून जायचीस, "विठ्ठलाला जाऊन येते." ती थापही नव्हती. देऊळ वाटेवरच होतं, आणि तू आत जाऊन नमस्कार करूनच पुढे स्टँडवर जात असणार. थापा मारायचं माझ्या घरात माझं खातं होतं, तुझं नव्हतं.

मला राग आला, लपवत नाही. तू गेल्याच्या पाचव्या दिवशी मला तुझा राग आला. मी टोपलीला म्हणालो, "एकदा तरी सांगायचंस." आणि लगेच तू काय म्हणाली असतीस ते मला ऐकू आलं. "सांगितलं होतं. एकदाच."

हो. सांगितलं होतंस.

ती मखमलीची गोष्ट. लोकांना मी सव्वीस वर्षं सांगत आलोय की दसऱ्याच्या मिरवणुकीतल्या बँडवाल्यांचे एकवीस मखमली कोट पांडूनं उलटे कापले, आमच्या वडिलांच्या दुकानाची अब्रू घालवली आणि बन्नूरला पळून गेला. दरवर्षी त्यात एखादा कोट वाढला. तुला ठाऊक आहे बँड नव्हता. दसरा नव्हता. लग्नाचा एक कोट होता, गर्द तांबड्या मखमलीचा, बंद गळ्याचा, आणि नवऱ्या मुलाचा मामा दुकानात खुर्चीवर बसला होता.

मखमल शिंप्याला घाबरवते. तिला लव असते. वरून खाली हात फिरवला तर एक रंग, खालून वर फिरवला तर दुसरा. म्हणून ती दुहेरी घडीत कापत नाहीत. एकेक बाजू सुटी मांडतात, तळवा फिरवून लव बघतात, मग कात्री. पांडूनं उजवी बाजू कापली. डाव्या बाजूचं कापड लव बघून टेबलावर नीट मांडलं आणि शेजारच्या हॉटेलात कॉफी प्यायला गेला. इकडे मी मामाला कावेरीतल्या मगरीची गोष्ट सांगत होतो. मामा विचारतो, पाठ कशी असते हो मगरीची? आता मला सांग, अशा माणसाला काय करायचं? मी ती मखमल उचलली, पाठीवर घेतली आणि टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मामा खूष. मी कापड परत टेबलावर ठेवलं. उलटं.

पांडू आला आणि त्यानं कापलं. पुन्हा तळवा फिरवला नाही, कारण ते त्यानंच मांडलेलं होतं, आणि कापणाऱ्याच्या टेबलावरच्या कापडाला दुसरं कुणी हात लावत नाही, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. चार दिवसांनी नवरा मुलगा आरशापुढे उभा राहिला. डावीकडून सकाळ, उजवीकडून संध्याकाळ. मामा माझ्याकडे बघायला लागला. आणि मी, सगळ्यांसमोर, पांडूकडे बोट करून म्हणालो, "याच्या हाताला अजून लव कळत नाही."

शिंप्याला याहून वाईट काही बोलता येत नाही. सुताराला लाकूड कळत नाही म्हणावं तसं. पांडूनं टेप गुंडाळून टेबलावर ठेवली, कात्री शेजारी ठेवली, चप्पल घातली. त्याची बायको बन्नूरची, तिकडेच त्यानं दुकान काढलं.

तू दुकानाच्या मागच्या दारात काजं करत बसली होतीस. तू मगर पाहिली होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताटात भाकरी वाढताना तू म्हणालीस, "मगर तुम्ही झालात. भावजींना जाऊन सांगा." मी म्हणालो, "गप बस." अंबू, चाळीस वर्षांत मी तुला एकदाच गप बस म्हणालो, आणि तू एकदाच ऐकलंस. त्यानंतर मी ती कोटांची गोष्ट शंभर वेळा सांगितली असेल, आणि शंभरही वेळा आतून आकडा आला नाही. बाकी प्रत्येक वाघाचं तू कुत्रं केलंस, पण त्या एकवीस कोटांना हात लावला नाहीस. भांड्यांचा आवाजसुद्धा थांबायचा. मी मूर्ख, मला वाटायचं की तुला ते पटलंय.

आणि तू त्याच पाटावर बसून, त्याच सुईनं, माझ्या दुकानाची काजं केलीस आणि त्याच्याही. तू मला उपदेश केला नाहीस. रुसली नाहीस, मध्यस्थ बोलावले नाहीत, सणाला दोघांना एका पंगतीत बसवायचा डाव टाकला नाहीस. नुसतं काम चालू ठेवलंस. मला वाटायचं प्रेम म्हणजे मी. म्हणजे दणका, गडगडाट, तुझ्या वाढदिवसाला सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा माझा आवाज. दर गुरुवारी एक गाठोडं बसमध्ये ठेवून घरी येऊन आमटीला फोडणी घालायची, आणि समोरच्या बडबड्याला कधी कळेल याची वाट बघायची सव्वीस वर्षं, याला काय म्हणायचं ते मला ठाऊकच नव्हतं. अजून नीट कळलंय असं नाही. मी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी जमिनीवर बसून नुकता शिकायला लागलोय आणि शिकवणारी उठून गेली.

सुतकात सुई धरू नये म्हणतात. मी धरली. सहा शर्ट अर्धवट परत कसे पाठवायचे? तुझं अंगुस्तान माझ्या करंगळीला बसलं, तेवढंच. मी नामांकित शिंपी, अर्ध्या शहराचे सूट शिवलेला, पण काजाला लग्नानंतर कधी हात लावला नव्हता. ते बायकांचं काम. माझी काजं उंदरानं कुरतडल्यासारखी झाली. सरूनं एक उचलून पाहिलं आणि पाच दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडून हसू फुटलं, मग लगेच रडू. जे काज तुझ्या हातून अर्धं राहिलं होतं, ते मी शेवटी घेतलं. वरचा अर्धा भाग तुझा, मुंगीच्या रांगेसारखा. खालचा माझा. कुठे तू संपलीस आणि कुठे मी सुरू झालो, ते आंधळ्यालाही बोटानं कळेल.

गुरुवारी, म्हणजे अकराव्या दिवशी, दुपारी मी गाठोडं घेऊन स्टँडवर गेलो. बन्नूरची बस उभी होती. कंडक्टरनं गाठोडं ओळखलं, मला नाही. "अम्मा?" त्यानं विचारलं.

मी गाठोडं पुढे केलं. त्यानं माझ्या दाढी वाढलेल्या तोंडाकडे पाहिलं, गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं आणि ड्रायव्हरमागच्या सीटवर ठेवलं, कुणी बसू नये म्हणून वर आपली पिशवी ठेवली. मग मला म्हणाला, "तुम्ही चढता काय?"

तासाभराचा रस्ता होता. दार उघडं होतं. अंबू, मी चढलो नाही. वाघाला मागे टाकणारा मी. पायरीवर एक पाय ठेवला होता, तो काढून घेतला. बस गेली. घरी येऊन मी सरूला सांगितलं, खूप गर्दी होती. बसमध्ये नऊ माणसं होती.

काल तुझा तेरावा झाला. देवळाच्या मागच्या सभागृहात पंगत होती. पांडू येईल की नाही, याच्यावर माझा सगळा जीव टांगलेला होता. कोण वाढतंय, कोण जेवतंय, काही दिसत नव्हतं. दुसऱ्या पंगतीला तो आला. समोरच्या रांगेत, माझ्या पानापासून चार पानं सोडून बसला. केस सगळे पिकलेत. अंगात पांढरा शर्ट. मी आधी खिसा पाहिला, मग काजं. वरून तिसरं काज अर्धं मुंगीचं, अर्धं उंदराचं. सहा शर्टांतून त्यानं तो निवडून घातला होता.

भात वाढून झाला. कुणी बोलत नव्हतं. मला ती शांतता सहन होईना, मास्तरांनाही होत नव्हती. ते पलीकडून म्हणाले, "रावरे, काहीतरी सांगा. अम्मांना गप्प घर आवडायचं नाही."

मी काय सांगणार, हे ठरवलेलं नव्हतं. पण तोंडाला एकच वाट सवयीची. मी म्हणालो, "एकवीस मखमली कोट होते."

आणि थांबलो.

सरूनं मान खाली घातली. पांडूचा हात पानावर थबकला. सभागृहाच्या मागे स्वयंपाकघर आहे, तिथून पातेल्यांचे आवाज येत होते. मी त्या दाराकडे बघत राहिलो.  वाढणारासुद्धा बादली धरून उभा राहिला. तेरा दिवस मला सगळे सांगत होते की तू गेलीस. मला ते त्या दाराकडे बघताना कळलं. तिथून कुणीही काही कमी करणार नव्हतं.

"एकवीस नव्हते," मी म्हणालो. माझा आवाज मला ओळखू येईना, इतका लहान झाला होता. "एक होता. लग्नाचा. पांडूनं मखमल बरोबर मांडली होती. मगर दाखवायला मी ती पाठीवर घेतली आणि परत ठेवताना उलटी ठेवली. त्याच्या हाताला लव कळत होती. ती मगर मी होतो. अंबूनं पाहिलं होतं. तिला मी गप बस म्हणालो."

पुढे काय बोलायचं असतं, ते मला येत नाही, अंबू. ते तुझं शिकवायचं राहिलं. मी पानाकडे बघत बसलो. रसम पानावरून वाहत माझ्या मांडीकडे यायला लागलं आणि मी ते अडवलंही नाही.

समोरून पांडू भात कालवत होता. मान वर केली नाही.

"अर्धा," तो म्हणाला.

"काय?"

"एक कोट नव्हे, अण्णा. अर्धा. उजवी बाजू बरोबर होती."

भांड्यांच्या आवाजाच्या वर थोडासाच. चढा नाही, रागाचा नाही.